टोल्यांचं जुनं घड्याळ साफ करून परत जोडताना: टोले थांबतच नाहीत

दगडी_वाडा
घड्याळ आहे भिंतीवरचं जपानी सेइकोशा. आठ दिवसांची चावी, दोन उघड्या स्प्रिंगा (डबीत बंद नाहीत), तासाला तासाइतके आणि अर्ध्याला एक टोला. टोले मोजायला खाचांचं चाक आहे. सगळं मशीन उघडलं, रॉकेलमध्ये भिजवून ब्रशने घासलं, मग रिठ्याच्या कोमट पाण्यात धुतलं, उन्हात वाळवलं. जोडलं. चालणारी बाजू टिकटिकते. टोल्यांची बाजू मात्र एकदा सुटली की स्प्रिंग उतरेपर्यंत वाजतच राहते. पुन्हा उघडून जोडलं, तर आता तीन टोले देऊन मध्येच अडकतं, हातोडी अर्धी उचललेली.

प्रश्न असे:
१. चाकं लावायचा काही ठरलेला क्रम असतो का? वरची प्लेट बसवताना एक आरी (चाकाचा बारीक आस) भोकात गेली की दुसरी निसटते.
२. टोल्यांच्या चाकांचं एकमेकांशी काही जुळवावं लागतं का, की दात दातात बसले की झालं?
३. तेल कोणतं? सोलापूरचं ऊन लक्षात घेऊन सांगा.

काटेकोर
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण दुखणं तिथेच आहे. चालणाऱ्या बाजूला जुळवणी नसते, दात दातात बसले की झालं. टोल्यांच्या बाजूला असते, आणि ती केली नाही तर तुम्ही लिहिलेल्या दोन्ही गोष्टी होतात.

पण त्याआधी एक गोष्ट. पुन्हा उघडण्यापूर्वी दोन्ही स्प्रिंगा पूर्ण उतरवल्या का? आठ दिवसांच्या उघड्या स्प्रिंगची पट्टी साधारण १९ मि.मी. रुंद, ०.४५ मि.मी. जाड आणि अडीच मीटरच्या आसपास लांब असते. भरलेल्या स्प्रिंगवर प्लेटचा नट सैल केला तर दात उडतात, आरी वाकते, आणि बोट मध्ये असेल तर बोटही जातं. चावी घट्ट धरा, किंचित भरायच्या दिशेला फिरवा म्हणजे चाक उलटं फिरू न देणाऱ्या खटक्यावरचा ताण सुटेल, खटका बाजूला धरा आणि चावी मुठीतून थोडी थोडी सरकू द्या. फुलपाखरी चावीऐवजी जाड लाकडी मुठीची चावी असेल तर फार बरं. हातात कापड धरून करू नका, चावी कापडात गुंतते.

उतरवण्याआधी स्प्रिंगभोवती २ मि.मी. तारेचं कडं घाला. सुटताना स्प्रिंग त्या कड्याइतकीच उघडेल आणि जोडताना तुम्हाला हाताळता येईल.

यंत्रमाग
वरच्या पोस्टमध्ये एक भर टाकतो. खटक्याचा रिव्हेट बघून घ्या ओ. चाक हातात धरून खटका अंगठ्याने हलवा. तो वरखाली डुलत असेल तर रिव्हेट ढिला झालाय. घड्याळ चालतंय म्हणून तसाच ठेवू नका, चावी भरताना तो सुटला तर चावी उलटी फिरून हातावर बसते. रिव्हेट मागून बारीक हातोडीने ठोकून घट्ट करा, पण इतका नाही की खटका जाम होईल. खटक्याची पितळी तारेची स्प्रिंग थकली असेल तर ती बदलाच.

नवीपेठ_नाना
पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो. ज्या प्लेटला खांब पक्के रिव्हेट केलेत ती प्लेट खाली. तिच्याखाली आठ-दहा सें.मी. तोंडाची रिकामी बरणी किंवा लाकडी चौकट, म्हणजे लांब आऱ्या खाली टेकणार नाहीत आणि प्लेट हलणार नाही.

आधी दोन्ही मोठी चाकं, स्प्रिंगसकट. स्प्रिंगच्या बाहेरच्या टोकाचं कडं आपापल्या खांबात घाला आणि गुंडाळीची दिशा तपासा, चावी भरली की ती आवळली पाहिजे. तबकडीकडे तोंड करून उभे राहिलात तर उजव्या हाताची चावी वेळेची आणि डाव्या हाताची टोल्यांची. मागून बघताना हे उलटं दिसतं आणि तिथेच अदलाबदल होते. दोन्ही स्प्रिंगा दिसायला सारख्या असल्या तरी ज्या बाजूची त्याच बाजूला लावा, म्हणून उघडतानाच ओरखड्याने खूण करायची.

मग मधली आरी, म्हणजे जिच्यावर मिनिटकाटा बसतो ती. मग दोन्हीकडची दुसरी चाकं. यानंतर पुढे जाण्याआधी तिन्ही दांडे बसवून घ्या: हातोडीचा, मोजणीचा आणि उचलणीचा. हे विसरून वरची चाकं लावली की सगळं परत काढावं लागतं. मग तिसरी-चौथी चाकं, सर्वांत शेवटी एस्केप चाक (लंबकाबरोबर एकेक दात सुटणारं) आणि पंखा (टोल्यांचा वेग आवरणारा).

आता वरची प्लेट. ती सपाट दाबून बसवायची नाही. खालच्या, स्प्रिंगच्या बाजूने सुरुवात करा. मोठ्या चाकांच्या आऱ्या आत गेल्या की खालच्या दोन खांबांवर नट दोन-दोन आटे फिरवा आणि सोडा. प्लेट तिरकी राहील, राहू दे. मग एकेक आरी खालून वर भोकात आणायची. चिमट्यापेक्षा सायकलच्या तारेचं हत्यार सोपं पडतं: एका टोकाला खाच पाडा, ती ढकलायला, दुसऱ्या टोकाला आकडा, तो ओढायला. बाजूने टॉर्च मारा आणि भोकातून बघा, आरीचं टोक चमकलं पाहिजे. एकेक बसत गेली की नट अर्धा-अर्धा आटा पुढे न्या.

प्लेट बसत नसेल तर एखादी आरी बाहेर आहे एवढाच त्याचा अर्थ. जोर लावला की पंख्याची किंवा एस्केप चाकाची आरी वाकणार, कारण त्या एक मि.मी. किंवा त्याहून बारीक असतात.

सावली
नाना, सगळे नट आवळल्यावर बरोबर बसलंय हे कसं कळतं? चालवून बघायचं का लगेच?

नवीपेठ_नाना
लगेच नाही, ताई. स्प्रिंगा तारेत बांधलेल्याच ठेवा. मशीन हातात घेऊन उलटंपालटं करा. प्रत्येक आरी तिच्या लांबीत जराशी सरकून टक असा आवाज देते. जी सरकत नाही ती दाबली गेलीय किंवा वाकलीय. मग अँकर (एस्केप चाकाचे दात एकेक करून अडवणारा तुकडा) काढून ठेवून वेळेच्या मोठ्या चाकाला बोटाने हलका धक्का द्या. एस्केप चाक भिरभिरत फिरून हळूहळू थांबलं पाहिजे, थांबताना किंचित मागे गेलं तर फारच छान. झटक्याने थांबलं तर कुठेतरी घाण, वाकलेला दात किंवा दाबलेली आरी आहे. हे स्प्रिंग भरल्यावर कळत नाही, कारण स्प्रिंग सगळे दोष रेटून नेते आणि महिन्याभराने घड्याळ बंद पडतं.

काटेकोर
आता टोल्यांची जुळवणी. जरा लांब लिहितो.

टोल्यांच्या बाजूला खालून वर अशी चाकं येतात: स्प्रिंगचं मोठं चाक, दुसरं चाक, हातोडी उचलणाऱ्या पिनांचं चाक, खाचेच्या कॅमचं (एक खाच असलेल्या चकतीचं) चाक, एकच पिन असलेलं वॉर्निंग चाक (तासाच्या जरा आधी थोडंसं सुटून अडून राहणारं), आणि पंखा. कॅमचं चाक बहुतेक घड्याळांत एका टोल्याला एक फेरा घेतं. खाचांचं मोजणीचं चाक एका टोल्याला एक घर पुढे सरकतं. १२ तासांत ७८ टोले होतात, अर्ध्याचा एकेक धरला तर ९०.

मोजणीच्या दांड्याची पट्टी प्रत्येक टोल्यानंतर मोजणीच्या चाकावर खाली येते. उथळ जागी पडली तर तिच्याच आरीवरचा दुसरा हात कॅमच्या खाचेत पूर्ण उतरू शकत नाही आणि पुढचा टोला पडतो. खोल खाचेत पडली तर तो हात कॅमच्या खाचेत उतरतो आणि गाडी (टोल्यांच्या चाकांची रांग) थांबते. म्हणजे दोन खाचा एकाच क्षणी आपापल्या पट्टीखाली यायला हव्यात. मोजणीची खोल खाच आली पण कॅमची खाच अर्धा फेरा दूर असेल, तर कॅम पट्टीला परत वर उचलतो आणि टोले चालूच राहतात. दगडी_वाडा, तुमचा पहिला प्रकार हाच.

तर गाडी थांबलेली असताना या चार गोष्टी एकाच वेळी खऱ्या हव्यात:

पट्टी खोल खाचेच्या मध्यावर, कडेला घासत नाही आणि चाकाच्या केंद्राकडे रोखलेली.
दुसरा हात कॅमच्या खाचेत पूर्ण खाली.
हातोडी नुकतीच पडलेली आणि तिची शेपटी पुढच्या पिनेपासून मोकळी.
वॉर्निंग चाकाची पिन अडवणाऱ्या पट्टीपासून साधारण अर्धा फेरा दूर.

तिसरी चुकली की तुमचा दुसरा प्रकार होतो. हातोडी अर्धी उचललेली राहिली तर पुढच्या वेळी गाडीला सुटतानाच तिचं वजन ओढावं लागतं, आणि पंख्यापाशी तेवढा जोर पोचत नाही. चौथी चुकली तर वेगळं होतं: तासाच्या काही मिनिटं आधी जो खट् आवाज येतो त्या वेळी पिनेला पळायला जागा उरत नाही आणि टोले तेव्हाच सुटतात, किंवा सुटतच नाहीत.

दगडी_वाडा
हे वाचून बघितलं. हातोडीची शेपटी खरंच पिनेवर चढलेली आहे. म्हणजे पुन्हा सगळं उघडायचं?

काटेकोर
नाही. स्प्रिंग उतरवलेली आणि बांधलेली असेल तर टोल्यांच्या बाजूचे वरचे दोनच नट सैल करा. प्लेट तिथे दोन-तीन मि.मी. उचला. पिनांच्या चाकाची वरची आरी भोकातून बाहेर काढा, कॅमचं चाक जागेवर बोटाने धरून ठेवा, पिनांचं चाक एक-दोन दात मागे घेऊन परत बसवा. हातोडी पडून गेल्यावर पुढच्या पिनेपर्यंत एखाद-दुसऱ्या दाताचं अंतर दिसलं पाहिजे. मग तसंच वॉर्निंग चाक. एका वेळी एकच चाक हलवा, नाहीतर आधीची जुळवणी जाते.

यंत्रमाग
हे जॅकार्डसारखंच हाय की. चादरीच्या नक्षीचं कार्ड एक घर मागं-पुढं बसलं तर माग चालतोच, सूतही तुटत नाही, पण नक्षी फाटते. मोजणीचं चाक म्हणजे टोल्यांचं कार्डच समजा.

अजून एक बघा. मोजणीच्या दांड्याला आणि हातोडीला प्रत्येकी एक बारीक पितळी तार गुंडाळलेली असते, दांडा खाली ओढायला. तिचं मोकळं टोक प्लेटच्या खाचेत किंवा खांबाला अडकवायचं असतं. जोडताना ती आत राहून जाते. मग दांडा नुसत्या वजनावर पडतो, कधी पडतो कधी नाही, आणि टोले थांबत नाहीत. जुळवणी बरोबर असूनही.

टोला_बारा
रात्री दहानंतर चाचणी घेऊ नका. ९० टोले सलग वाजले की अख्खी गल्ली उठून बसते. 🙂 हातोडीच्या डोक्याला सुती कापड बांधा, गाडी सुटते-थांबते ते डोळ्यांनी दिसतंच.

लेथ_मास्तर
इतकं सगळं जुळवण्याआधी भोकं तपासली का? पन्नास-साठ वर्षं चाललेल्या मशीनमध्ये भोकं लांबट होतातच. मोठं चाक बोटाने मागे-पुढे करा आणि वरच्या प्रत्येक आरीकडे बघा. आरी भोकात बाजूला उडी मारते का? एक मि.मी.च्या आरीने दहावा भाग, म्हणजे ०.१ मि.मी.पेक्षा जास्त उडी मारली, तर बुश (भोकात बसवायची पितळी नळी) घालावा लागेल. जास्त झीज बहुधा स्प्रिंगजवळच्या दुसऱ्या चाकाला आणि एस्केप चाकाच्या आसपास असते.

बुश घालताना लोक एक चूक करतात. लांबट भोकात सरळ रीमर (भोक कोरून मोठं करायचं हत्यार) फिरवतात. रीमर झिजलेल्या बाजूलाच ओढला जातो, नवं भोक चुकीच्या जागी पडतं आणि दात एकमेकांपासून लांब जातात. झीज नेहमी ढकलणाऱ्या चाकापासून दूरच्या अंगाला होते. म्हणून आधी गोल कानसने समोरची बाजू तेवढीच कोरून भोक दोन्हीकडे सारखं लांबट करा, मगच रीमर. बुश आतल्या बाजूने दाबून प्लेटच्या सपाटीला आणा. आरीवर ओरखडे असतील तर आधी आरी गुळगुळीत करा, नाहीतर नवा बुशही खाईल. पॉलिश पेपर वापरलात तर नंतर आरी पेट्रोलमध्ये धुवा, त्याचे कण पितळात रुततात.

होटगीरोड
मास्तर, बुशची गरज काय? भोकाच्या कडेला पंच मारून पितळ आत सरकवलं की काम होतं. बाजारात बरेच जण असंच करून देतात.

लेथ_मास्तर
काही महिने होतं. पंचाने फक्त वरचा पातळ काठ आत येतो, आरी त्या काठाच्या धारेवर फिरते आणि तो लवकर झिजतो. शिवाय भोकाभोवतीची तेल साठायची वाटी बिघडते. पुढच्या माणसाला मग मोठा बुश घालावा लागतो, कारण आजूबाजूचं पितळ फुटलेलं असतं. मशीन टिकवायचं असेल तर पंच नको.

होटगीरोड
वाटीचा मुद्दा पटला. तेलाचा विचार केला नव्हता.

सावली
तेलाचा तिसरा प्रश्न अजून राहिलाय. घरात शिलाई मशीनचं तेल असतं, ते चालेल का? आणि खोबरेल?

नवीपेठ_नाना
खोबरेल अजिबात नाही. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबर-जानेवारीत सोलापुरात रात्री पारा १५-१६ पर्यंत उतरतो, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत घड्याळ सकाळी बंद दिसेल. नंतर ते चिकट होतं आणि पितळावर हिरवं धरतं.

शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, पसरतं. मशीनला ते रोज घालता येतं, घड्याळात वर्षानुवर्षं एका जागी राहिलं पाहिजे. मोबियसचं घड्याळाचं तेल मिळालं तर तेच घ्या, छोटी बाटली कितीतरी घड्याळांना पुरते. स्प्रिंगला मात्र जरा जाड तेल लागतं: पट्टीवर बोटाने पातळ हात फिरवा आणि कापडाने पुसून घ्या, जेवढं चिकटून राहील तेवढं पुरे.

तेल कुठे द्यायचं: आऱ्यांची भोकं, अँकरच्या ज्या दोन तोंडांवर दात घासतो ती, कॅम आणि हातोडीच्या शेपटीची टोकं, आणि लंबकाची तार ज्या फटीत खेळते तिथे अगदी इवलंसं. सुईच्या टोकावर मावेल तेवढा थेंब, वाटी अर्धी भरेल इतका. जास्त झालं तर ते प्लेटवर ओघळतं आणि जाताना भोकातलंही ओढून नेतं, म्हणजे जास्त तेल दिलेली आरी कोरडी पडते. दातांना तेल द्यायचं नाही.

होटगीरोड
दातांना तेल नाही? धातूवर धातू घासतो, झिजणार नाही का?

यंत्रमाग
दात एकमेकांवर लोळतात, घासतात कमी. उलट तेल दिलं की धूळ धरते. आपल्या इकडे, मागांच्या वस्तीत तर हवेत कापसाचा तूस असतो. तेलावर तूस आणि धूळ बसली की त्याची पेस्ट होते आणि तीच पोलाद खाते. पिनियनच्या (छोट्या दातेरी चाकाच्या) पानांत काळी पापडी दिसते ना, ती हीच.

आणि कृपा करून टेरी टॉवेलवर मशीन जोडू नका. सोलापूरचा टॉवेल अंग पुसायला उत्तम, पण त्याचे फासे आरीला अडकतात आणि तूस सुटतो. जुनं धोतर किंवा मलमल घ्या. सुटे भाग काठ असलेल्या स्टीलच्या ताटात, पांढऱ्या कागदावर.

काटेकोर
साफसफाईचं एक राहून जातंय. भोकं ब्रशने साफ होत नाहीत. बांबूची काडी चाकूने टोकदार करा, भोकात फिरवा, टोक काळं झालं की छाटा, पुन्हा फिरवा. काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत, प्लेटच्या दोन्ही बाजूंनी. एका भोकाला चार-पाच वेळा तरी लागतं. दगडी_वाडा, तुमच्या पोस्टमध्ये हे दिसलं नाही.

आणि कुणी अमोनिया घातलेलं पाणी वापरत असेल तर १५-२० मिनिटांवर भाग त्यात ठेवू नका. ताणाखालचं पितळ अमोनियाने तडकतं.

परदेशस्थ_सोलापूरकर
ऊन हा विषय निघालाच आहे तर विचारतो. उन्हाळ्यात लंबक लांबतो आणि घड्याळ दिवसाला पाच-पाच मिनिटं मागे पडतं असं ऐकत आलोय. सोलापुरात मे महिन्यात ४३-४४ अंश. मग जोडतानाच लंबक थोडा वर घ्यावा का?

आकडेमोड
पाच मिनिटं शक्य नाही. हिशोब असा. पोलाद दर अंशाला लांबीच्या दहा लाखांत साधारण साडेअकरा भाग वाढतं. लंबकाचा काळ लांबीच्या वर्गमुळावर असतो, म्हणून वेळेत फरक त्याच्या निम्मा. १० अंश वाढले तर ०.५ × ११.५ × १० = दहा लाखांत ५७.५. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे दिवसाला जेमतेम ५ सेकंद. पितळी दांडी असेल तर ८. लाकडी दांडी असेल तर त्याहून बरंच कमी, धाग्याच्या दिशेत लाकूड फारसं वाढत नाही.

सोलापुरात डिसेंबर आणि मे यांच्या सरासरी तापमानात १०-१२ अंशांचा फरक आहे. दुपारचा ४३ हा आकडा घेऊ नका, लंबक रात्रीही हलत असतो. उन्हाळ्यात घड्याळ पाच मिनिटं मागे पडत असेल तर कारण तेल आहे, झीज आहे किंवा घड्याळ तिरकं टांगलंय. जोडताना लंबक वर घ्यायची गरज नाही.

नवीपेठ_नाना
उन्हाचा त्रास लंबकाला कमी, लाकडाला जास्त. पश्चिमेच्या भिंतीवर टांगलं तर पेटी वाळते, जोड सुटतात, पेटी पिळवटते आणि मग टिकटिक लंगडी होते.

दगडी_वाडा
प्रगती सांगतो. बांबूची काडी फिरवली, मधल्या आरीच्या मागच्या भोकातून सहा काड्या काळ्या निघाल्या. यंत्रमाग म्हणाले तेच होतं: मोजणीच्या दांड्याची तार प्लेटच्या आत अडकून राहिली होती. ती बाहेर काढून खांबाला अडकवली. पिनांचं चाक दोन दात मागे घेतलं, वॉर्निंगची पिन अर्ध्या फेऱ्यावर आणली. आता बारापर्यंत सगळे टोले बरोबर पडतात आणि थांबतात.

दोन गोष्टी उरल्यात. टोले काट्याशी जुळत नाहीत, चार वाजता सात पडतात. आणि घड्याळ दहा-बारा मिनिटं चालून थांबतं, टिक लांब आणि टॉक आखूड.

सावली
वा! इतक्या लवकर जुळेल असं वाटलं नव्हतं.

टोला_बारा
टोले जुळवायला काटा फिरवत बसू नका. मोजणीच्या दांड्याला खाली लोंबणारी तार असेल तर ती वर उचला, गाडी पुढचे टोले देईल. काटे चारवर असतील तर चार पडेपर्यंत उचलत राहा. तार नसेल तर मोजणीचा दांडाच बोटाने उचला. मिनिटकाटा १२ किंवा ६ वरून उलटा नेऊ नका, उचलणीचा दांडा वाकतो.

काटेकोर
आधी अँकर किती खोल बसलाय ते बघा. दात सटासट निसटून एस्केप चाक पळत असेल तर अँकर लांब आहे. दात अडकून थांबत असेल तर फार जवळ. तुमचं दहा मिनिटं चालतं म्हणजे खोली बहुधा ठीक आहे, दोष लयीचा आहे.

घड्याळ पाणसळीवर सरळ टांगा. लंबक हळूच एका बाजूला न्या, टिक ऐकू आला तिथलं अंतर बघा, मग दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे सारखं हवं. सारखं नसेल तर पेटीची एक बाजू जराशी उचलून बघा. डावी बाजू उचलल्यावर लय समान झाली, तर अँकरखालचा लंबकाला ढकलणारा दांडा डावीकडे वाकवायचा. उजवी उचलल्यावर झाली तर उजवीकडे. जी बाजू उचलली, त्याच बाजूला. वाकवताना वर अँकरपाशी एका हाताने घट्ट धरा, नाहीतर सगळा जोर बारीक आरीवर जातो. एक-दोन मि.मी. वाकवायचं आणि परत ऐकायचं. मग घड्याळ सरळ टांगूनच चालेल, पेटी तिरकी ठेवायची वेळ येणार नाही.

लेथ_मास्तर
लंबकाची पातळ पट्टीही बघा. ती मुडपलेली असेल तर लंबक सरळ रेषेत न डोलता गोल-गोल हेलकावतो आणि जोर वाया जातो. मुडपलेली पट्टी सरळ करून चालत नाही, नवी घाला, आणि जाडी तीच. जाड पट्टी घातली तर घड्याळ पळतं.

दगडी_वाडा
डावी बाजू उचलल्यावर समान झालं. दांडा दीड मि.मी. डावीकडे घेतला. आता पाणसळीवर सरळ टांगलंय, २४ तास सलग चाललं. टोलेही जुळले, फक्त बाराचे टोले मिनिटकाटा १२ च्या दोन मिनिटं पुढे गेल्यावर पडतात.

नवीपेठ_नाना
मिनिटकाट्याच्या मध्यभागी चौकोनी भोकाचा पितळी बुश असतो. काटा काढा, बुश पकडीत धरा आणि काटा त्याच्यावर अगदी किंचित मागे फिरवा. दोन मिनिटं म्हणजे १२ अंश. उचलणीचा दांडा वाकवून हे जुळवू नका. मग तासकाटा: तो नळीवर नुसता दाबून बसलेला असतो, टोला सुटेल त्या क्षणी अंकावर आणून दाबा. तबकडीला दोघांमधलं अंतर तपासा, काटे एकमेकांना किंवा काचेला लागले की घड्याळ थांबतं.

दगडी_वाडा
झालं. आता मोबाइलच्या वेळेशी ताडलं तर २४ तासांत ४ मिनिटं पुढे. लंबकाचा नट किती फिरवू?

आकडेमोड
मिनिटाला किती टिक मोजल्या?

दगडी_वाडा
१२०. नट दहा फेरे फिरवला तर भिंगरी (लंबकाचा जड गोळा) ७ मि.मी. सरकते, मोजून पाहिलं.

आकडेमोड
१२० टिक म्हणजे एका पूर्ण झोक्याला १ सेकंद, म्हणजे लंबकाची परिणामी लांबी २५ सें.मी. च्या आसपास. त्यात १ मि.मी. चा बदल म्हणजे ०.५ × १/२५० × ८६,४०० = साधारण १७३ सेकंद रोज. तुम्हाला २४० सेकंद कमी करायचेत, म्हणजे १.४ मि.मी. खाली. एका फेऱ्याला ०.७, तर दोन फेरे खाली. भिंगरीखाली पेटीच्या तळाला जागा आहे ना ते आधी बघा. आणि मोजमाप दर वेळी चावी भरल्यानंतर तितक्याच तासांनी घ्या, भरलेली आणि उतरत आलेली स्प्रिंग यांत फरक पडतो. आठवड्यातून एकच वार ठरवा आणि त्या दिवशी दोन्ही चाव्या भरा.

दगडी_वाडा
तळाला दोन बोटं जागा आहे. दोन फेरे खाली घेतला. चावी आज सकाळी आठला भरलीय, उद्या आठला बघून आकडा टाकतो.